लाँड्रीसमोरचा थांबा

आमचं घर चढावर आहे. दारात लावलेली गाडी नाक वर करून उभी राहते, आणि ठकीच्या हातून चेंडू सुटला तर तो शोधायला थेट खालच्या चौकापर्यंत जावं लागतं. ठकी म्हणजे माझी मुलगी, वय अकरा महिने. आणि गाडी म्हणजे सासूबाईंची शाळेची व्हॅन. पिवळी, बारा मुलांची, डिझेलवर चालणारी, मागच्या काचेवर एक कागदी मांजर चिकटवलेली. मांजरीचा एक कान कुणीतरी कधीतरी खाल्लेला आहे.

सासूबाईंनी बावीस वर्षं शाळेच्या मुलांची ने-आण केली. मुलं त्यांना गाडीआजी म्हणतात. बावीस वर्षांत व्हॅन तीन झाल्या, डावा गुडघा मात्र एकच होता. क्लच दाबून दाबून शेवटी त्या गुडघ्यानेच हात टेकले. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, त्या दिवशी जेवताना त्या मला म्हणाल्या, "आता तू चालव."

"मी? व्हॅन?"

"का? माझ्या मुलाला चालवतेसच की. व्हॅन त्याहून सोपी. निदान वळवली की वळते."

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, शेजारीच जेवत होता. "आई, मी इथे बसलोय," तो म्हणाला.

"दिसतोयस. वाढू का अजून?"

हसण्यावारी निघालेली ती गोष्ट मी मात्र मनावर घेतली. माझी वाढवून घेतलेली बाळंतपणाची रजा संपत आली होती. पुन्हा कचेरीत रुजू व्हायचं म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. सासूबाईंना ऑपरेशननंतर तीन महिने मूल उचलायची बंदी, नवरा साडेसहालाच कारखान्यात. म्हणजे ठकी पाळणाघरात. पाळणाघर वाईट नव्हतं. मी बघून आले होते, भिंतीवर ढग रंगवले होते, बाई मायाळू होत्या. ते ढग बघून घरी येईपर्यंत मी दोनदा रडले. व्हॅन मिळाली तर चालकाच्या मागच्या जागेवर ठकीची खुर्ची बसवता येणार होती. सकाळी दीड तास, दुपारी दीड तास, आणि मधला सगळा वेळ आम्ही दोघी घरी.

शाळेने नाही म्हटलं नाही, पण अट घातली. पर्यवेक्षिका बाई एक दिवस सकाळच्या फेरीला सोबत येतील आणि मग ठरवतील. बाईंना मुळात ही कल्पनाच पसंत नव्हती. स्वतःचं मूल गाडीत असलं की आईचा जीव तिथेच अडकणार, बाकीच्यांकडे कोण बघणार, असं त्या सासूबाईंना फोनवर म्हणाल्या होत्या. रुजू होणार की नाही, हे कचेरीला मला शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. बाई सोमवारी येणार होत्या.

त्याआधी दोन महिने सासूबाई शेजारी बसून मला शिकवत होत्या. त्यांचं शिकवणं म्हणजे टोमणे. "तो गतिरोधक आहे, त्याला दुखेल म्हणून हळू जा." "आरसा कपाळावरची टिकली बघायला नाही दिला." डिझेलच्या बाबतीत मात्र चेष्टा नाही. काटा अर्ध्यावर आला की टाकी रिकामी झाली असं समजायचं, आणि मुलांना सोडून परत येताना भरायचं. मुलं आत असताना पंपावर पाऊलही टाकायचं नाही, तो शाळेचाच नियम होता. नळी आपोआप थांबली की तिथेच पुरे, वर अजून थोडं म्हणून ओतायचं नाही.

नवऱ्याचं शास्त्र वेगळं. "लाल दिवा लागल्यावरही पन्नास किलोमीटर जाते गाडी. कंपनीवाले घाबरट असतात, आधीच लावतात."

"कुणी मोजले पन्नास?" सासूबाई विचारायच्या.

"सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना ढकलताना मी पाहिलंय."

आणि त्यांची एक सवय मला फार आवडायची. आमचा चढ उतरून खाली आलं की सपाट रस्त्यावर पहिलंच दुकान लाँड्रीचं. तिथे त्या रोज व्हॅन पूर्ण थांबवायच्या. दोन-तीन सेकंद. मग लाँड्रीवाल्याला हात करायच्या आणि पुढे निघायच्या. तोही इस्त्री वर उचलून दाखवायचा. बावीस वर्षांची ओळख कशी जपावी ते यांच्याकडून शिकावं, असं मला वाटायचं. म्हणून मीही तसंच करायला लागले. थांबायचं, हसायचं, हात करायचा, निघायचं. सासूबाई शेजारी बसून मान डोलवायच्या. मला वाटायचं, खूश आहेत.

रविवारी नवऱ्याने व्हॅन नेली. त्याच्या मित्राचा फ्रीज एका घरातून दुसऱ्या घरात जायचा होता. तो परत आला तेव्हा मी ठकीला भरवत होते. दारातूनच तो म्हणाला, "आलो गं. ऐक, दिवा..." आणि त्याच क्षणी ठकीने वाटी उडवली. मऊ भात त्याच्या बुटांवर, मोज्यांवर आणि पायपुसण्यावर. पुढचं वाक्य फरशी पुसायच्या पाण्यात वाहून गेलं.

सोमवारी बाई सातला येणार होत्या. त्या पावणेसातलाच दारात उभ्या. किडकिडीत, पांढरे केस, चष्म्याला साखळी आणि हातात तपकिरी वही. तेव्हा मी ठकीचे कपडे दुसऱ्यांदा बदलत होते. बाईंनी पट्टे ओढून बघितले, औषधाची पेटी उघडून बघितली, ठकीच्या खुर्चीला दोन्ही हातांनी हिसका देऊन बघितला. मग त्या ठकीच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आता मी इथे नाही असं समजा. मी बोलणार नाही. विचारलंत तरी उत्तर देणार नाही."

"बरं," मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली, कारण जो इथे नाही त्याला बरं कशाला म्हणायचं.

किल्ली फिरवली. काटा पाव टाकीच्या जरा वर. अर्ध्याच्या नियमात बसत नव्हतं, पण अख्खी फेरी परत येणं धरूनही अठरा किलोमीटरची. मुलांना सोडलं की सरळ पंपावर जायचं, मी ठरवलं. खिडकीत सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी फक्त बोटाने खूण केली, जा.

चढ उतरले. लाँड्रीसमोर व्हॅन पूर्ण थांबवली. लाँड्रीवाल्याकडे बघून छान हसले, हात केला. त्याने इस्त्री उचलली. मागे बाईंचं पेन कागदावर कुरकुरलं. माणुसकीचे गुण पडले असतील, असं मी धरून चालले.

पहिल्या तीन थांब्यांवर सहा मुलं चढली. त्यांतल्या एका मुलीला सासूबाईंनी चौकशी खिडकी असं नाव ठेवलं होतं. वय सात, पुढचे दोन दात नाहीत, आणि प्रश्न संपत नाहीत.

"ताई, गाडीआजीचा गुडघा काढून कुठे ठेवणार?"

"दवाखान्यात."

"मग परत मिळणार?"

"नवीन मिळणार."

"जुना मला मिळेल?" मग, "ताई, तो लाल दिवा कसला?"

मी खाली बघितलं. डिझेलचा दिवा लागला होता. काटा आडवा पडला होता, पार तळाला, दुपारी झोपलेल्या माणसासारखा निवांत.

घरी तर पाव टाकी होती. पाच किलोमीटरमध्ये पाव टाकी जाते कुठे? आणि मग बुटांवरच्या भातासकट रविवार आठवला. "ऐक, दिवा..." म्हणजे हा दिवा कालच लागलेला होता. पन्नास किलोमीटर खरे धरले, तरी ते कालपासून मोजायचे. आणि काल किती झाले हे सांगणारा कारखान्यात मशीनपाशी उभा, फोन कपाटात.

मागे पेन कुरकुरत होतं.

पूल ओलांडला आणि गादीवाल्याच्या दुकानासमोर व्हॅन बाजूला घेऊन बंद केली. शाळा अजून सात किलोमीटर. पंप त्याच रस्त्यावर, अर्ध्या किलोमीटरवर. पण आत मुलं. पंपावर न्यायची नाहीत, रस्त्यावर उतरवायची नाहीत, आणि तसंच दामटलं तर गाडी कुठल्या वळणावर आचके देईल याचा नेम नाही. शिवाय डिझेलची गाडी कोरडी पडली की नळ्यांत हवा शिरते, मग नुसतं डिझेल ओतून ती सुरू होत नाही, हे सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलं होतं. दामटलं असतं तर कदाचित पोचलेही असते. बाईंना कळलंही नसतं. मी आरशात बघितलं. ठकी आपला मोजा काढण्यात गुंग होती. तिच्यासोबत राहायला ही व्हॅन हवी होती, म्हणूनच वाटत होतं, दामटून टाकावं.

मी मागे वळले. "बाई, डिझेल संपत आलंय. निघताना मी नीट बघितलं नाही. चूक माझी आहे."

बाई खिडकीबाहेर गाद्या बघत होत्या. त्या इथे नव्हत्याच.

"ताई, त्यांना ऐकू येत नाही?" चौकशी खिडकीने विचारलं.

"येतं. त्या बोलणार नाहीत."

"आमच्या वर्गात तर खूप बोलतात."

पुढचा थांबा जुळ्यांचा. जुळ्यांचे आईवडील रोपवाटिका चालवतात, आणि ती पंपाच्या दीडशे पावलं अलीकडे आहे. कुंपण, फाटक, आत मोकळी जागा. मी जुळ्यांच्या आईला फोन लावला, मग शाळेत लावून सांगितलं की आज दहा मिनिटं उशीर होईल, मुलं सुखरूप आहेत. मग व्हॅन सुरू केली आणि वरातीच्या चालीने फाटकातून आत आणली.

जुळ्यांची आई हातात पाण्याची नळी घेऊन तयारच होती. "या या, आज शाळा इथेच." सहा मुलं मोजून उतरवली, जुळी धरून आठ. फाटकाला कडी लागली. तिने प्रत्येकाच्या हातात झारी दिली. झारी हातात आल्यावर शाळेची आठवण कुणाला राहते?

उरली ठकी. ती खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली, एक मोजा तोंडात. पंप दीडशे पावलांवर, पाच मिनिटांचं काम. पट्टे सोडा, पुन्हा बांधा, अनोळखी हातात दिली की ती भोकाड पसरणार. माझा हात दारापाशी थांबला. मग मी पट्टे सोडले. मुलं आत नकोत म्हणजे नकोत. तीही मूलच होती.

जुळ्यांच्या आईच्या एका हातात नळी, दुसऱ्या हातात कुणाचं तरी दप्तर, आणि डोळे आठ झाऱ्यांवर. बाई उतरून एका उपड्या कुंडीशेजारी उभ्या होत्या, अजूनही इथे नसल्यासारख्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, तुम्ही इथे नसलात तरी हात आहेत ना? हिला जरा धरता?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग वही काखेत धरली आणि हात पुढे केले.

पंपावरचा माणूस टाकीचं झाकण उघडताना म्हणाला, "गाडीआजी कुठेत?"

"गुडघा."

"फुल्ल ना?"

"फुल्ल."

नळी खटकन थांबली तेव्हा त्याने आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "टाकी पंचेचाळीसची, गेलं चव्वेचाळीस. आणि तळाचं लिटरभर डिझेल कुठल्याच गाडीला उपसता येत नाही, ताई. तुम्ही नुसत्या वासावर आलात."

मी पैसे दिले आणि पावती घडी करून पर्सच्या तळाशी घातली.

परत आले तर रोपवाटिकेत चिखल आणि आनंदीआनंद. बाई उपड्या कुंडीवर बसल्या होत्या, ठकी मांडीवर. ठकी रडत नव्हती, कारण तिला खायला मिळालं होतं. तपकिरी वहीचं पहिलं पान अर्धं बाहेर, अर्धं ठकीच्या तोंडात. मी बोट घालून कागदाचा लगदा काढला. त्यावर निळ्या शाईत फक्त एवढंच वाचता आलं, "लाँड्रीसमोर वि".

शाळेत पोचलो तेव्हा घंटा होऊन नऊ मिनिटं झाली होती. सगळी मुलं आत गेल्यावर बाई फाटकाशी थांबल्या. आता त्या इथे होत्या.

"एक विचारते. लाँड्रीसमोर विनाकारण का थांबलात? तिथे तर मूल नव्हतं."

"आई रोज थांबतात."

"कशासाठी?"

"ओळख आहे. हात करायला."

बाईंनी हे नव्या पानावर लिहिलं. वही यावेळी त्यांनी उंच धरली होती.

घरी आले तर सासूबाई पाय स्टुलावर ठेवून माझीच वाट बघत होत्या. मी सगळं सांगितलं. लाँड्रीपाशी येईपर्यंत त्या गंभीर होत्या. मग त्यांचा चेहरा विचित्र झाला.

"थांब. तू तिथे थांबून काय केलंस?"

"हात केला."

"आणि?"

"हसले."

"काटा नाही बघितलास?"

"काटा कशाला?"

सासूबाई हसायला लागल्या. हसता हसता गुडघा दुखला, तर गुडघा धरून हसल्या. ठकी त्यांच्याकडे बघून हसायला लागली, आणि मी मधे उभी, एका हातात कुणीतरी व्हॅनमध्ये विसरलेली पाण्याची बाटली.

"अगं, दारात गाडी नाक वर करून उभी असते. टाकीतलं सगळं डिझेल मागे जमतं, काटा आपला उगीच वर. चढावरचा काटा खोटं बोलतो. खाली सपाटीला उभं राहून दोन क्षण थांबलं की खरं कळतं. बावीस वर्षं मी तिथे काटा बघतेय."

"मग लाँड्रीवाल्याला हात?"

"तो समोर उभा असतो, आपल्याकडेच बघतो. तोंड फिरवून काटा बघून निघून जाऊ? वाईट दिसतं." त्यांनी डोळे पुसले. मग आवाज खाली आला. "चूक माझी आहे. मला वाटलं, तुला दिसतंय मी काय करते ते. इतकी सवय झालीय की तोंडाने सांगायचं सुचलंच नाही."

"मी तरी विचारायला हवं होतं."

"आता दोघीही शहाण्या झालो." त्यांनी दाराकडे बघितलं, नवरा यायला अजून आठ तास होते तरी. "एक सांगते, त्याला कळू देऊ नकोस. पहिल्याच आठवड्यात माझी गाडी पुलावर बंद पडली होती. चौदा मुलं, टाकी कोरडी. दोरी धरायला लावून सगळ्यांना चालत नेलं, गाणी म्हणत. तोही होता त्यात, पाच वर्षांचा. अजून त्याला वाटतं ती सहल होती."

म्हणजे माझा नवरा लाल दिव्याला का घाबरत नाही, तेही कळलं.

दुपारभर मला चैन पडेना. बाईंच्या वहीत लिहिलेलं होतं की मी ओळख म्हणून थांबते. ते तसंच राहिलं असतं तरी चाललं असतं, खुळेपणापेक्षा चांगुलपणा बरा दिसतो. पण आठ मुलं उद्या पुन्हा त्याच काट्याच्या भरवशावर बसणार होती. ठकी झोपल्यावर मी बाईंना फोन केला आणि काय झालं ते सांगून टाकलं. चढ, काटा, मी दोन महिने नुसता हात करत होते ते, सगळं. तिकडून खोकल्यासारखा आवाज आला, आणि तो खोकला नव्हता.

"तुमच्या मुलीने खाल्लेल्या पानावर फारसं बरं लिहिलेलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "आता मला ते सगळं नव्याने लिहावं लागणार."

"हो, बाई."

"तुम्ही तिला खाली उतरवलंत. मी त्याचीच वाट बघत होते. उतरवलं नसतंत तर नव्या पानावरही नाहीच लिहिलं असतं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पचलं का तिला?"

संध्याकाळी नवऱ्याने दारातून हाक मारली, "अगं, काल सांगायचं राहिलं, व्हॅनचा दिवा..." तेव्हा घरातल्या तिघीही हसायला लागल्या. त्याने आधी बूट बघितले, मग शर्टाची बटणं. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला, की ज्याने शेवटचं डिझेल जाळलं त्याने दर रविवारी टाकी भरून आणायची, आणि सपाटीवर काटा बघून घरी कळवायचं.

"पण लाल दिव्यानंतर पन्नास..."

"तुझी सहल झाली तेवढी पुरे," सासूबाई म्हणाल्या, आणि ते कशाबद्दल आहे ते त्याला कळलं नाही.

बुधवारी शाळेचं पत्र आलं. सध्या एक महिना, बाळासह. खाली बाईंच्या अक्षरात एक ओळ होती: लाँड्रीसमोर थांबावे, काटा पाहावा, नंतर हात करावा, याच क्रमाने. कचेरीला मी त्याच दिवशी कळवलं, शुक्रवारची वाट न बघता.

आज सकाळी चढ उतरून लाँड्रीसमोर व्हॅन थांबवली. काटा हलला, डगमगला, पाऊण टाकीवर स्थिर झाला. मी दोन क्षण अजून बघितलं. मग हात केला. लाँड्रीवाला इस्त्री ठेवून पायरीपर्यंत आला. "आजींचं ऑपरेशन नीट झालं ना?" त्याने विचारलं. "त्यांना सांगा, बावीस वर्षांत एक दिवस चुकल्या नाहीत. इतकं कोण करतं हल्ली?"

"सांगते," मी म्हटलं. त्याला खरं सांगायची गरज नव्हती. आता ते पुरतं खोटंही राहिलं नव्हतं.

गिअर टाकताना आरशात दिसलं, मागच्या खुर्चीत ठकीने हात वर केला होता. बोटं उघडत, मिटत, लाँड्रीवाल्याकडे बघून, अगदी माझ्यासारखीच. काट्याचं तिला पुढे कधीतरी सांगेन. सांगायचं मात्र विसरणार नाही.